यंत्र थांबेल काय?

आजचे युग हे गणकयंत्राचे युग आहे, हे वाक्य विद्यार्थ्यांच्या निबंधांत आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की, ते तपासताना हातातील लाल पेन्सिल आपोआप पुढे सरकते. वाक्य खोटे नाही. आपल्या हैदराबादेत तर ते अधिकच खरे आहे. १९६७ साली या शहरात इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९६९ साली तिने 'टीडीसी-१२' हे भारतात घडवलेले गणकयंत्र तयार केले. १९९८ मध्ये माधापुरात सायबर टॉवर्सची वास्तू उभी राहिली आणि पुढे त्या खडकाळ माळावर कचेऱ्यांचे एक नवे नगरच वसले. आज आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील, काका किंवा थोरली बहीण त्या नगरात नोकरीस आहेत. अशा घरांत वाढणाऱ्या मुलांची एक समजूत झाली असल्यास नवल नाही. ती अशी की, प्रश्न कितीही कठीण असो, यंत्र पुरेसे वेगवान असले आणि त्याला पुरेसा अवधी दिला की उत्तर मिळालेच पाहिजे.

ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची आहे हे आमचे मत नव्हे. ते १९३६ सालीच सिद्ध झाले आहे. ही गोष्ट महाविद्यालयाची वाट न पाहता शाळेतच मुलांना कळली पाहिजे, एवढेच काय ते आमचे मत. आणि ते मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

भाषा शिकवणाऱ्याने गणिताच्या अंगणात का पाऊल टाकावे, असे कोणी विचारील. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. घरी कोंकणी, वर्गात मराठी, भाजीवालीशी मोडकी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी, एवढ्या चार भाषांत आमचा दिवस सरतो. यंत्राची पाचवी भाषा आम्हांस येत नाही. परंतु एका विद्यार्थिनीचे ऋण आमच्यावर आहे. तिने आम्हांस एक प्रश्न विचारला आणि आम्ही तिला बेधडक चुकीचे उत्तर दिले. त्याची ही परतफेड.

झाले असे की, एका दुपारी नववीच्या वर्गावर आमचा बदली तास लागला आणि मुलांना घेऊन आम्ही संगणकाच्या खोलीत गेलो. गणिताच्या शिक्षकांनी मुलांना कापरेकरांची रीत यंत्राकडून करवून घ्यावयास सांगितली होती. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. त्यांनी शोधलेली गंमत अशी : चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घ्या. ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ गेले, राहिले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोठूनही आरंभ केला तरी फार तर सात पायऱ्यांत आपण याच संख्येपाशी येऊन पोहोचतो. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ही गोष्ट जाहीर केली. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर गेले.

मुलांनी आज्ञावली लिहिली : संख्या घे, क्रिया कर, ६१७४ आले की थांब. सर्वांची यंत्रे भराभर थांबली. एका मुलाचे मात्र थांबेना. त्याने खोडसाळपणे ७७७७ ही संख्या घातली होती. आम्ही म्हणालो, "जरा धीर धर. तुझी संख्या अवघड असेल." त्यावर शेजारची मुलगी हसून म्हणाली, "बाई, हे आज काय, जन्मात थांबायचे नाही! ७७७७ मधून ७७७७ गेले की शून्य. शून्यातून शून्य गेले की पुन्हा शून्य. ६१७४ येणार कोठून?"

आम्ही ओशाळलो. पण ती तेवढ्यावर राहिली नाही. तिने विचारले, "बाई, मला हे नुसते पाहून कळले, मग यंत्राला आधीच का कळू नये? अशी एक आज्ञावली लिहिता येणार नाही का, की जिच्यापुढे कोणतीही आज्ञावली ठेवली, तर ती पाहून ती सांगेल की ही थांबेल, किंवा ही कधीच थांबणार नाही?"

घंटा होण्याच्या बेतात होती. आम्ही कौतुकाने म्हणालो, "का नाही? लिही की!"

हेच ते चुकीचे उत्तर. मुलीचा प्रश्न किती मोलाचा होता हे दुसऱ्या दिवशी गणिताच्या शिक्षकांशी बोलताना आम्हांस कळले.

प्रथम हे पाहू की तिची अपेक्षा मुळीच वेडगळ नव्हती. कापरेकरांच्या रीतीपुरती अशी आज्ञावली खरोखरच लिहिता येते. ०००० पासून ९९९९ पर्यंत चार अंकी मांडण्या एकंदर १०,०००. तेव्हा क्रिया कितीही वेळा केली तरी १०,००० पायऱ्यांच्या आत एखादी संख्या पुन्हा आलीच पाहिजे. आणि ६१७४ न येता जुनीच संख्या पुन्हा आली की समजावे, आता हा रहाटगाडगा अखंड चालणार. एवढी पाळत ठेवणे यंत्राला सहज जमते. किंबहुना चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळून उरलेल्या ९,९९० संख्या एकेक तपासून कापरेकरांचे म्हणणे खरे असल्याची ग्वाही यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच देते. जेथे शक्यतांची गणती संपते, तेथे यंत्र राजा आहे.

पण सर्वच गणिते अशी कुंपणात बांधलेली नसतात. दुसरी एक क्रिया पाहा. कोणतीही पूर्ण संख्या घ्यावी. ती सम असेल तर निम्मी करावी. विषम असेल तर तिप्पट करून त्यात एक मिळवावा. १ आला की थांबावे. ७ पासून निघालो तर २२, ११, ३४, १७, ५२ असे चढत-उतरत सोळा पायऱ्यांत आपण १ वर येतो. २७ पासून निघालो तर मात्र १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत ९,२३२ पर्यंत चढावे लागते. प्रत्येक संख्येपासून निघून आपण शेवटी १ वर येतोच काय? २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या, म्हणजे एकवीस अंकी आकड्यापर्यंतच्या, सर्व संख्या यंत्रांनी तपासल्या आहेत आणि त्या सर्व १ वर आल्या. तरीही 'प्रत्येक' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार अद्याप कोणास मिळालेला नाही. कारण पुढच्या संख्या संपत नाहीत आणि सिद्धता कोणास सापडलेली नाही. समजा, एखाद्या संख्येपाशी यंत्र वर्षभर चालत राहिले. ते उद्या थांबेल की कधीच थांबणार नाही? नुसते वाट पाहून हे कळत नाही. 'अजून थांबले नाही' आणि 'थांबणारच नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे विशिष्ट कोडे आज सुटलेले नाही, एवढ्यावरून ते सुटणारच नाही असे म्हणता येत नाही. न सुटलेले आणि न सुटणारे यांत भेद आहे. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र दुसऱ्या प्रकारचा आहे : सर्व आज्ञावल्यांचे भविष्य अचूक सांगणारी एक आज्ञावली असूच शकत नाही. हे ज्यामुळे कळले तो निबंध ॲलन ट्यूरिंग या इंग्रज तरुणाने १९३६ मध्ये लिहिला. त्याचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते. निबंध सादर करताना ट्यूरिंगचे वय अवघे तेवीस होते; आणि विशेष म्हणजे आज आपण ज्याला संगणक म्हणतो ते यंत्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. त्याने कागदावर एक काल्पनिक यंत्र मांडले आणि ते यंत्र घडण्यापूर्वीच त्याची सीमा आखून दिली. अमेरिकेतील अलोंझो चर्च हेही त्याच वर्षी वेगळ्या वाटेने अशाच निर्णयाला पोहोचले होते.

सिद्धता अशी आहे की, आमच्यासारख्या भाषाशिक्षकालाही ती कळावी. कारण तिचे मूळ भाषेतच आहे. आज्ञावली म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूर. आणि मजकूर म्हटला की तो दुसऱ्या आज्ञावलीला वाचावयास देता येतो, इतकेच नव्हे तर तिचा तिलाही देता येतो. व्याकरणाच्या पुस्तकातील वाक्ये व्याकरणाचेच नियम लावून तपासता येतात, तसेच हे.

आता समजा, आमच्या विद्यार्थिनीने ती इच्छित आज्ञावली लिहिली. तिला आपण 'ज्योतिषी' म्हणू. ज्योतिषापुढे कोणतीही आज्ञावली आणि तिला द्यावयाचा मजकूर ठेवावा. तो 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही' असे उत्तर देतो, आणि त्याचे उत्तर कधीही चुकत नाही. मग वर्गातील तो खोडसाळ मुलगा उठतो आणि ज्योतिषाला पोटात घेऊन एक नवी आज्ञावली रचतो. तिचे नाव 'हट्टी'. हट्टीला कोणतीही आज्ञावली दिली की तो आधी ज्योतिषाला विचारतो, "या आज्ञावलीला हिचाच मजकूर वाचावयास दिला, तर ही थांबेल काय?" ज्योतिषी "थांबेल" म्हणाला, तर हट्टी मुद्दाम अखंड फिरत राहतो. ज्योतिषी "थांबणार नाही" म्हणाला, तर हट्टी तत्काळ थांबतो. घराघरांतून अशी मुले असतात. आजी म्हणाली, "आज हा सगळे ताट संपवणार," की ताट सरकवलेच. आणि म्हणाली, "आज हा जेवणार नाही," की चाटूनपुसून फस्त!

आता हट्टीला हट्टीचाच मजकूर द्या. तो थांबेल काय? ज्योतिषी "थांबेल" म्हणाला, तर तो थांबणार नाही. म्हणजे ज्योतिषी खोटा पडला. ज्योतिषी "थांबणार नाही" म्हणाला, तर तो थांबेल. म्हणजे तेव्हाही ज्योतिषी खोटा पडला. हट्टी रचणे तर मुळीच कठीण नव्हते. तेव्हा दोष राहिला कोठे? आरंभी आपण जे गृहीत धरले त्यात. कधीही न चुकणारा ज्योतिषी असूच शकत नाही. तो आज नाही, उद्या नाही, आणि यंत्र कोटीपटीने वेगवान झाले तरीही नाही. वेगाचा येथे संबंधच येत नाही.

आमच्या गणितशिक्षकांनी येथे एक रास्त शंका काढली. प्रत्यक्षातील प्रत्येक यंत्राची स्मृती मर्यादित असते. मग कापरेकरांच्या १०,००० मांडण्यांप्रमाणे तिच्याही अवस्था मोजून का संपवू नयेत? तत्त्वतः संपवता येतील, हे खरे. पण नुसत्या ३०० होय-नाहीच्या खुणा ठेवणाऱ्या स्मृतीच्या अवस्था २ चा ३०० वा घात इतक्या होतात, आणि ही संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजे संख्येहून मोठी आहे. आपल्या खिशातील मोबाइलची स्मृती याच्या कोट्यवधी पट. ती मोजदाद करण्यास काळ पुरणार नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट आणखी एका बाजूने जवळची वाटावी. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात चक्रवाल नावाची रीत विशद केली आहे. एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या कोणती? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे, आणि मग येणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा असतो. एकेक संख्या घालून पाहणारा थकून जाईल. चक्रवाल रीत थोड्या पायऱ्यांत तेथे नेते. ६१ च्या जागी स्वतः वर्ग नसलेली कोणतीही पूर्ण संख्या घ्या, ही रीत थांबते आणि उत्तर देतेच, याची सिद्धता पुढे कित्येक शतकांनी गणितज्ञांनी दिली. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला. एका अर्थी ती गणिताची शाळाच म्हणावयाची.

एका जातीच्या समीकरणांना अशी खात्रीची रीत मिळाली, मग सर्वच जातींना मिळून एकच रीत का असू नये? नेमका हाच प्रश्न डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १९०० साली जगापुढे ठेवला : कोणतेही बहुपदी समीकरण दिले असता त्याला पूर्णांकांत उत्तर आहे की नाही, हे ठरवणारी एक रीत द्या. उत्तरास सत्तर वर्षे लागली. डेव्हिस, पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी बरीच वाट तोडली होती. १९७० मध्ये रशियातील तरुण गणितज्ञ युरी मातियासेविच याने शेवटचे पाऊल टाकले. उत्तर आले : अशी रीत नाही, असू शकत नाही. या नकाराच्या मुळाशी ट्यूरिंगचाच विचार आहे.

असो. या साऱ्यापासून घ्यावयाचे काय? वक्तृत्वस्पर्धेत दोन निष्कर्ष हमखास टाळ्या मिळवतील, आणि ते दोन्ही आम्हांस मान्य नाहीत. पहिला असा की, यंत्राला एवढेही कळत नाही, तेव्हा त्याचे स्तोम व्यर्थ आहे. हे कृतघ्नपणाचे बोलणे झाले. सीमेच्या आतले राज्य अफाट आहे. दुसरा निष्कर्ष अधिक गोड आहे : यंत्र अडते तेथे माणसाचा आत्मा पुढे जातो, म्हणून मानव श्रेष्ठ. ७७७७ पाहताच आमची विद्यार्थिनी हसली, हे खरे. पण ते एक उदाहरण झाले. तिप्पट-अधिक-एकचे कोडे माणसांनाही सुटलेले नाही, आणि प्रत्येक आज्ञावलीचे भविष्य सांगणारी रीत कोणा ऋषीपाशी आहे असे दिसत नाही. आपण कुंपणाबाहेर उभे आहोत, असा गर्व करण्यास आधार नाही.

आमच्या मते खरी शिकवण निराळी आहे. यंत्राने उत्तर दिले नाही की आपण त्याला मंद म्हणतो. दिले की ते निःशंक मानतो. अलीकडे तर निबंध लिहून देणारी आणि शंकांना क्षणात उत्तरे देणारी यंत्रे घरोघरी आली आहेत, आणि पालकही मुलाने काही विचारले की "त्याला विचार" म्हणून मोकळे होतात. ती यंत्रेही आज्ञावल्याच चालवतात; ट्यूरिंगने आखलेली सीमा त्यांनाही लागू आहे. पण ती कधी न अडखळता बोलतात, म्हणून मुलांना ती सीमा दिसत नाही. मोबाइल मध्येच अडला म्हणजे पडद्यावर विचारणा होते की, वाट पाहता की बंद करू? मुलांनी त्या विचारणेकडे एकदा नीट पाहावे. पुढे काय होणार याची खात्री यंत्रालाच नाही. म्हणून ते निर्णय तुमच्यावर सोपवते.

म्हणून आमची सूचना अशी : शाळेत गणिताची रीत शिकवताना 'उत्तर काय?' या प्रश्नासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत. ही रीत नेहमी संपते काय? आणि कशावरून? या दोन प्रश्नांना परीक्षेत थोडे का होईना गुण ठेवावेत. उत्तर यंत्र देईल. 'कशावरून' विचारण्याची सवय मात्र शाळेनेच लावली पाहिजे. ती लागली तर माधापुरात नोकरी करणाऱ्या उद्याच्या तरुणाला कळेल की, सर्व आज्ञावल्यांतील सर्व दोष शोधून देणारे यंत्र मिळणार नाही, आपल्या कामाची जबाबदारी आपणच घ्यावयाची आहे. आणि ती ज्यांना लागणार नाही, ते आमच्याप्रमाणे ७७७७ पुढे धीर धरून बसतील.

त्या विद्यार्थिनीस आता सांगावयाचे ते हे : "लिही की" हे आमचे शब्द आम्ही परत घेतो. तू मागितलेली आज्ञावली कोणासही लिहिता येणार नाही. पण तू विचारलेला प्रश्न विसाव्या शतकातील फार थोड्या लोकांना प्रथम सुचला, आणि तुला तो आपणहून सुचला, हे आम्ही विसरणार नाही.

इतर विद्यार्थ्यांसाठी सुटीचा अभ्यास. कापरेकरांची क्रिया तीन अंकी संख्यांवर करून पाहा. कोणत्या संख्येपाशी येऊन पोहोचता ते वहीत लिहा. मग दोन अंकी संख्यांवर करा. तेथे काही निराळेच घडेल. जे घडेल ते अखंड घडत राहणार, हे तुम्ही कशावरून म्हणता, तेही चार ओळींत लिहून आणा. यंत्राला विचारू नका. कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे. देवळालीच्या त्या मास्तरांना तेवढीच पुरत असे.